टक्केबाबांचा दोरा

जिन्यात चपलांचा ढीग, खोलीत मुंगीला शिरायला जागा नाही आणि भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर टक्केबाबांचा दरबार. बाबा दाढी-जटावाले नव्हते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. टेबलावर हातपंख्याच्या आकाराचा पुठ्ठा, त्याच्या डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला शंभर आणि मधल्या गोलाईवर बाकीचे आकडे. नामांकित विद्यापीठात प्रवेश हवा असलेल्या मुलाने दोऱ्याला बांधलेला पितळी मणी पुठ्ठ्यावर धरायचा. मणी ज्या आकड्याच्या दिशेने झुलेल, तेवढे टक्के शक्यता.

"मी काही करत नाही हो," बाबा दोन्ही हात वर करून सांगत. "दोरा तुमचा, हात तुमचा, नशीबही तुमचंच. मी फक्त वाचतो."

वाचायचे मात्र फार रसाळ. घाबरलेलं पोर समोर आलं की, "अरेरे, हात गार पडलाय. डावीकडे ओढ लागली का रे?" आणि मणी डावीकडे निघालाच! छाती काढून कुणी आलं की, "वा, उजवी बाजू जोरात दिसते!" मणी उजवीकडे. लोक तोंडात बोटं घालायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मी फटकळ आहे असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो औषधाच्या दुकानात बसतो आणि दिवसभर गिऱ्हाइकांना 'आधी डॉक्टरांना विचारा' म्हणून बजावतो. स्वतःच्या मुलीसाठी मात्र त्याने टक्केबाबांना विचारलं.

त्याची मुलगी अठरा वर्षांची, पण घरात अजून छकुलीच. तिला समुद्राच्या तळाशी होणारे भूकंप शिकायचे होते. ते नीट शिकवणारं एकच विद्यापीठ आणि तिथे शंभरातले पाच-सहा घेतात. चार वर्षं पोरीने त्याचाच ध्यास घेतला होता. अर्ज भरून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तेवढ्यात तिच्या मण्याने बारा दाखवले आणि भावाने संगणक मिटून कपाटात ठेवला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. छकुली स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. कालपासून पोटात अन्न नाही, डोळे सुजून लाल.

"आत्या, दोरा माझ्याच हातात होता गं," ती म्हणाली. "कुणी ढकलला नाही. माझ्याच हाताने मला नाही म्हटलं."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"ताई, तू यात पडू नकोस," भाऊ म्हणाला. "उद्या नकार आला तर पोर मोडून पडेल. बाबांचं आजवर एकही चुकलेलं नाही."

"आणि आत्ता काय ती उभी आहे?" मी म्हटलं आणि बापलेकींना अक्षरशः ओढत दरबारात नेलं.

गावात मी विज्ञानाची बाई म्हणून माहीत होते, बाबांनीही मला ओळखलं. "या बाई! विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं बरं का."

"असेल. आधी अलीकडचं बघू."

सगळ्यांसमोर छकुलीला मी पुन्हा मणी धरायला लावला. मणी थरथरला, झुलू लागला आणि डावीकडे बारावर गेला. लोक हळहळले. भावाने मान खाली घातली. मग मी रुमालाने तिचे डोळे घट्ट बांधले, पुठ्ठा उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तसाच पंखा काढला. आकडे मात्र उलटे लिहिले. शंभर डावीकडे, शून्य उजवीकडे.

"डोळे बांधून चालत नाही," बाबा घाईने म्हणाले.

"का? शक्यता मण्याला कळते ना? मग मुलीचे डोळे कशाला हवेत?"

लोक हसले. छकुलीचा मणी झुलला, पुन्हा तसाच डावीकडे. तिथे आता अठ्ठ्याऐंशी होते.

"शहात्तर टक्के वाढले! एका मिनिटात!" मागून एक काका आनंदाने ओरडले.

"काका, काही वाढलं नाही. आकडे उलटे लिहिलेत." मी सगळ्यांकडे वळले. "मनात भीती असली की हात नकळत तिकडे हलतो. इतका थोडा, की हलवणाऱ्यालाही कळत नाही. लांब दोऱ्यामुळे तेच हलणं मोठं दिसतं. बारा जिथे आहे असं तिला वाटत होतं, तिथे मणी गेला. मण्याला विद्यापीठातलं काही कळत नाही. त्याला फक्त हिची भीती कळते."

"मग माझं आजवर एकही का चुकलं नाही?" बाबांचा आवाज चढला. "विचारा यांनाच!"

दारापाशी नंबराचे बिल्ले वाटणारी बाई उठली. बाबांची सगळ्यांत जुनी भक्त. "माझ्याच घरचं सांगते. माझ्या मुलाचे नऊ टक्के आले होते. आणि नाहीच मिळाला त्याला प्रवेश. तंतोतंत खरं ठरलं!"

"नकार कधी कळवला त्यांनी?" मी विचारलं.

"कळवतील कशाला? नऊ आल्यावर अर्ज कोण पाठव..."

बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं.

बाबांची सगळी करामत एवढीच होती. ज्यांना कमी टक्के आले त्यांनी अर्जच केले नाहीत, म्हणजे बाबा बरोबर. जास्त टक्केवाल्यांपैकी ज्यांना प्रवेश मिळाला ते भिंतीवर हसत बसले. ज्यांना मिळाला नाही त्यांचे फोटो कोण लावतो?

"म्हणजे... त्याला मिळाला असता?" बाईने विचारलं.

एरवी माझी जीभ तलवारीसारखी चालते. तेव्हा चालली नाही. "ते आता कुणालाच सांगता येणार नाही," मी कसंबसं म्हटलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि ऊर फुटेल अशी रडली. बाबांनी पुठ्ठा उचलून ठेवला आणि आजची वेळ संपल्याचं जाहीर केलं.

जिन्यात छकुलीने माझा हात धरला. "आत्या, मग माझी खरी शक्यता किती?"

"कमी. तुझा अभ्यास चांगला आहे, पण तिथे सगळ्यांचाच असतो."

"बारापेक्षाही कमी?"

"असेलही. पण कमी म्हणजे नाही नव्हे."

तिने बापाकडे पाहिलं. भाऊ घरी धावला, कपाटातला संगणक काढला आणि तिच्यापुढे उघडून ठेवला. अर्ज तिने स्वतः पाठवला.

पुढे तिचं काय झालं, ते मी मुद्दाम सांगत नाही. प्रवेश मिळाला म्हटलं, तर तुम्ही मला बाबा कराल. नाही म्हटलं, तर त्या बाबाला खरं मानाल. अर्ज करणं शहाणपणाचं होतं, ते निकालामुळे नव्हे. नकार द्यायचाच असेल तर विद्यापीठाला देऊ द्या. त्यांच्या वतीने तुम्ही घरबसल्या देऊ नका.

ती बिल्लेवाली बाई मला अजून रस्त्यात भेटते आणि दर वेळी तेच विचारते, मिळाला असता का हो? माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच नाही. तुमच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न उरू देऊ नका.