खडकाखालचं वावर

निजामाच्या राजवटीत औंढ्याजवळच्या माळावर लिंबाजीनं विहीर खोदली, तेव्हा काळ्या खडकाखाली तांबड्या मातीचा थर लागला आणि त्याखाली पुन्हा खडकच. घटस्थापनेला त्याच्या बायकोनं, भागाबाईनं, तीच तांबडी माती परडीत भरली. सासू खवळली, "घटाला वावरातली माती लागती! ही काहून आणली?"

"आत्याबाई, हे बी वावरच असंल. मागून वर खडक आला अन् झाकलं."

सासू फणकारली. भागाबाई मात्र झोपेत असल्यागत रोज पाणी शिंपडायची. त्या मातीवर तिला कुणीच न पाहिलेलं जुनं ऊन पसरलेलं दिसायचं.

पाचव्या माळेला गव्हाचे पिवळे कोंब वर आले. सासू कितीतरी वेळ त्यांच्यापुढं बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "भागा, आपलं वावर बी असंच झाकून जाईल का गं?"