पाण्यात गेलेला बूट

नवऱ्याच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण काही केल्या काजात शिरेना. त्याच्यालगतच तो उंचवटा होता – गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा – आणि नोएलियाची बोटं त्याला लागली की थबकत, जणू आत कुणी झोपलं आहे. तिथल्या बॅटरीतून तार मानेतून वर मेंदूत गेली होती, आठवणींच्या वाटेपाशी. असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

“गुदगुल्या करतेस का म्हातारे?” हिल्दार्दो म्हणाला.

“गप उभा राहा. लग्नाला निघाल्यासारखा लचकतोयस.”

तो हसला. आज बरा दिवस होता. त्याला दारातल्या बाकावर बसवून ती उकडलेला मका दळायला लागली. जातं गरगरलं आणि कालचं सगळं पुन्हा समोर आलं... मेदेयीन शहरातलं ते इस्पितळ, डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र, त्यांनी प्रवाह जरासा वाढवला आणि एरवी चमचा कशाला म्हणतात तेही न सुचणारा हिल्दार्दो डोळे मिटून घडाघडा बोलू लागला – नदी आहे, नोएलिया खडकावर बसलीय, ओच्यात पेरू, एक बूट पाण्यात वाहून गेलाय, मी म्हणतोय चल पाठुंगळी, ती म्हणते तुझ्या खेचराला विचारते, त्याला तुझ्यापेक्षा अक्कल आहे!

डॉक्टरीणबाईंनी वळून विचारलं होतं, “नोएलियाबाई, हे खरंच घडलं होतं? खरं असेल तर प्रवाह इथेच ठेवू. भास असेल तर कमी करावा लागेल.”

आणि ती म्हणाली, “हो.”

नदी आठवत होती, खेचर आठवत होतं – चामडी पट्ट्यांचा त्याचा वास, त्याचा तो एक फाटका कान. पण बूट? पेरू? तिथे काहीच नव्हतं... भिंतीवरचं चित्र काढून नेल्यावर राहतो तसा चौकोनही नव्हता.

मग भास असेल. भास असला तर मी खोटं बोलले, आणि त्याच्या डोक्यात भलताच दिवा जळतोय. आणि भास नसला तर...

तिने जातं जोरात फिरवलं. या डोंगरात सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. तिची पणजी आणि त्याची पणजी सख्ख्या बहिणी. बोबेरा – भर चाळिशीत माणसाला खुळं करणारं ते दुखणं – दोन्ही घरांत पिढ्यान् पिढ्या जेवायला बसलेलं. तिची आई याच वयात घेवड्यात दोनदा मीठ घालू लागली होती. आधी सगळे हसले होते, आईसुद्धा. ते दुखणं रक्तात उतरलंय का ते पाहायला डॉक्टरांनी दोघांचंही रक्त नेलं होतं. निकाल ते आपणहून सांगत नाहीत आणि तिनेही विचारला नव्हता.

घेवडा चुलीवर रटरटत होता. मीठ घातलं होतं ना? तिने चमचाभर रस जिभेवर घेतला. घातलं होतं. एकदाच. ती दळलेला मका मळू लागली.

“काय गं,” दारातून तो म्हणाला, “अनवाणी का फिरतेस? बूट कुठाय तुझा?”

तिने खाली पाहिलं. दोन्ही पायांत चपला होत्या.

“नदीत गेला,” ती म्हणाली. आवाज सांभाळून.

“कुठला?”

“डावा.”

शब्द तोंडातून गेला आणि तिचे हात पिठातच राहिले. डावा-उजवा तर तो काल बोललाच नव्हता. मग हे आलं कुठून – आतून, की आत्ताच, भीतीपोटी, मीच घडवलं?

“तू होतास तिथे,” ती घाईने म्हणाली, “तूच सांग, डावाच ना?”

हिल्दार्दो अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होता. “कोण गेलं नदीवर?” त्याने विचारलं, अगदी मायेने, पाहुण्याला विचारावं तसं.

तिने पिठाचा गोळा तळहातावर घेतला आणि अरेपाची जाड भाकरी थापू लागली. मका अजून ऊन होता. डाव्या पायाचा तळवा मात्र गार पडला होता, बोटांच्या फटींतून काहीतरी वाहत असल्यासारखा... तिने तो उचलला नाही. तसाच राहू दिला.