मला साबण लावू नका

मी लेस्कोवात्सच्या बाजारातली, मांस भाजायची जाळी बोलतेय. जरा लांबच बसा, तापलेय.

माझा जन्म रेल्वेच्या एका मोडक्या डब्याच्या लोखंडातून झाला. प्रवास अंगात मुरलेला, पण नशिबी एकाच भट्टीवर पडून राहणं. धूर मात्र माझा भटक्या. दक्षिणेचा वारा सुटला की पार राजधानी बेलग्रेडमधली माणसं झोपेत ओठ चाटतात म्हणे. म्हणे म्हणजे, मीच म्हणते.

माझे मालक स्वेतोझारबाबा. त्यांच्या हातच्या प्लेस्कावित्सासाठी, म्हणजे खिम्याच्या चपट्या टिक्कीसाठी, लोक ताटकळत उभे राहायचे. पण एका हिवाळ्यात बाबांचा उजवा हात लुळा पडला. मुलगा परदेशात ट्रक चालवतो. उरली सून दुन्या. उत्तरेच्या मैदानी मुलखातली, शेवया करण्यात पटाईत.

"वसंतात, जुर्जेवदानच्या दिवशी आपल्या घरच्या संताचा सण," बाबा तिला म्हणाले. "पाहुणे येतील. तोवर भाजणं जमलं तर दुकान तुझं. नाहीतर दाराला कुलूप आणि ही जाळी भंगारात."

माझ्या गजांना घाम फुटला.

दुन्याने सुरुवातीलाच ज्वाळांवर मांस टाकलं. बाहेर कोळसा, आत कच्चं. शेजारच्या कुत्र्याने हुंगलं आणि अदबीने मागे सरकला. मग ती उलथन्याने दाबायला लागली. सगळा रस निखाऱ्यांत!

"अगं, इस्त्री करतेस का?" बाबा ओरडले.

सणाच्या आदल्या दिवशी तर तिने कहर केला. पाहुण्यांना सगळं लख्ख दिसावं म्हणून मला वाळूने आणि साबणाने घासलं. वर्षानुवर्षं मुरलेली चरबी गटारात गेली. सकाळी पहिली टिक्की मला अशी चिकटली, जणू आमचं लग्नच लागलं.

"नागडी केलीस तिला!" बाबा मटकन खाली बसले. "संपलं. पाहुणे दारात आलेत."

"संपलं कसं, बाबा? आमच्याकडे नवा तवा मुरवतात, तशी हिला मुरवते."

दुन्याने चरबीचा गोळा घेऊन मला चोळलं, तापवलं, पुन्हा चोळलं. ज्वाळा बसू दिल्या. निखाऱ्यांवर राखेची साय धरेपर्यंत थांबली. मग टिक्की ठेवली आणि ती आपण होऊन सुटेपर्यंत तिला बोटही लावलं नाही.

बाबांनी एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग डाव्या हाताने धडपडत कमरेचा एप्रन सोडला आणि सुनेच्या खांद्यावर टाकला.

"पाहुण्यांना वाढ, पोरी. आणि मला अजून एक."

आता रोज दुकान दुन्याच उघडते. बाबा खुर्चीत बसून चुका शोधतात आणि एकही सापडली नाही की चिडतात. मी पुन्हा काळीकुट्ट झालेय, सुखात आहे. तुम्हीही या, पोटभर खा. फक्त जाताना मला धुवायची दया दाखवू नका.