तिचं तेवढं ठेव

बायको जाऊन सात महिने झाले, तेव्हा लिफ्टवाल्याला कळलं की तिची साइट बंद होतेय. साइट तशी तिची नव्हती. शिवणकामाची होती, पण अकरा वर्षं रोज दुपारी बसून ती तिथे अनोळखी बायकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. गळा ओढतो, शिवण वळते, मशीन धागा खाते. लिफ्टवाला तिला फुकटची मास्तरीण म्हणून चिडवायचा. त्यातलं एक अक्षरही त्याने कधी वाचलं नव्हतं. आता घरात तिच्या हातचं लिहिलेलं म्हणजे किराणाच्या दोन याद्या. बाकी जे काही ती बोलली, ते त्या साइटवर होतं आणि साइटला महिनाअखेरपर्यंत मुदत होती.

त्याची भाची प्रोग्रामर. तिने रविवारी येऊन वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. समजावून सांगितलं, की वेबपान म्हणजे चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी चौकट, आणि प्रत्येकीला टॅग लावलेला असतो. एक तयार लायब्ररी मिळते, ती अख्खं पान उकलून पुढ्यात मांडते. आपण फक्त कुठली चौकट हवी, कुठली नको, ते सांगायचं. लिफ्टवाल्याच्या हे पटकन डोक्यात शिरलं. तीस वर्षं तो लिफ्टचं पॅनेल उघडून वायरींच्या खुणा बघतच काम करत आला होता.

चाचणीसाठी पहिली पाच पानं उघडली. प्रत्येक पानावर बायकोच्या उत्तराच्या डोक्यावर विचारणाऱ्या बाईचा प्रश्न करड्या चौकटीत जसाच्या तसा पुन्हा आलेला. उत्तर लिहायला घेतलं की साइटच तो चिकटवायची. लिफ्टवाला वैतागला.

“ही दुसऱ्यांची रडगाणी कशाला? तिचं तेवढं ठेव.”

भाची म्हणाली, राहू द्या की मामा, कुठे खायला मागतंय. निदान मूळ पानं तरी वेगळी साठवू. त्यावर तो हट्टालाच पेटला. त्याला मध्ये कोणी न बोलता, सलग तिला ऐकायचं होतं. मामी गेल्यापासून मामाने तोंडाने काही मागितलं ते हे पहिलंच, म्हणून भाचीने वाद वाढवला नाही. तिने प्रोग्रामात एक ओळ घातली: करडी चौकट दिसली की मुळासकट काढून टाक.

भराभर पानं मागितली म्हणून साइटने हाकलून देऊ नये, यासाठी एक पान घेऊन तीन मिनिटं थांबायचं, असं ठरलं. नऊ दिवस प्रोग्राम चालला. कामावरून आला की लिफ्टवाला आधी पानांचा आकडा बघायचा, मग बूट काढायचा. चार हजार एकशे बारा पानं झाली. साइट ठरल्या दिवशी बंद झाली.

पुढच्या रविवारी तो चष्मा पुसून वाचायला बसला. पहिले तीन महिने झकास. ‘मशीनला शिव्या देऊन झाल्या असतील, तर आधी सुई बदला,’ असं तिने एकीला लिहिलं होतं. तो एकटाच हसला. चौथ्या महिन्यात एक उत्तर आलं, ‘नमस्कार. तुमच्या प्रश्नातच प्रत्येक ओळीखाली लिहिलंय, वर बघा.’ वर काहीच नव्हतं. पुढचं उत्तरही तेच. त्याच्या पुढचंही तेच. त्याने एकदम दोनशे पानं पुढे उडी मारली, मग हजार.

फोन केल्यावर भाची अर्ध्या तासात आली. तिला उभ्या उभ्याच उलगडा झाला. बायका एका दमात दहा शंका विचारायच्या, म्हणून मामीने पद्धत बदलली होती. चिकटवलेल्या प्रश्नात शिरून ती एकेका ओळीखाली उत्तर लिहायची. म्हणजे करड्या चौकटीच्या आत. आणि ती चौकट प्रोग्रामाने, सांगितल्याप्रमाणे, मुळासकट काढली होती.

“मी पाचच पानं तपासली, मामा. ती ओळ माझी आहे.”

“लिहिलीस तू. सांगितलं मी.”

नुसता तळमजला आणि पहिला मजला फिरवून लिफ्ट पास करणाऱ्यांना त्याने आयुष्यभर झापलं होतं. भाचीने साइटवाल्यांना लिहिलं. सगळं पुसून झालंय, असं दोन ओळींचं उत्तर आलं. दुसरीकडे कुठे प्रत असायचा प्रश्नच नव्हता. साइट पासवर्डाशिवाय उघडतच नसे; प्रोग्रामही मामीच्याच पासवर्डाने आत शिरला होता.

फाइलमधल्या शेवटच्या नोंदीची तारीख ती जायच्या सहा दिवस आधीची. ती दुपार त्याला आठवत होती. पाठीशी उशी लावून ती टाइप करत होती. कोणाला लिहितेस, असं त्याने विचारलं होतं.

“एकीची बाही बसत नाहीये हो.”

बास कर आता, पड जरा, असं तो म्हणाला होता. ती आणखी दहा मिनिटं लिहीत राहिली. त्या बाईला तिने काय सांगितलं, ती बाई कोण, कुठली, सगळं त्या चौकटीत गेलं. नोंदीत उरलं होतं, ‘वर बघा.’

भाचीने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला. प्रोग्राम उघडून तिने घातलेली ओळ शोधली, पुसली आणि पहिल्या पानापासून पुन्हा चालू केला. पडद्यावर आलं, पान सापडलं नाही. तीन मिनिटांनी परत तेच.

“मामा, तिथे आता काही नाहीये.”

“माहितेय,” तो म्हणाला. “चालू राहू दे.”

भाची खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. पाच पानं झाली, तरी दोघं सहाव्याची वाट बघत बसून राहिली.