मागून येणारीसाठी मडगार्ड

भाद्रपद सरत आला होता. मेघ रिते होऊन निघून गेले होते आणि तलाव तुडुंब, नीलकृष्ण, निःशब्द पहुडला होता. कमळांच्या पानांवर पाऱ्यासारखे थेंब. थेंबाथेंबांत इवलेसे आकाश. पलीकडे सागाचे रान, आणि रानावर विरघळत जाणारे, दुधाळ, दहिवरले धुके.

पाऊस थांबला होता. पण पाळीवरची, तलावाच्या बांधावरची वाट वाळली नव्हती. सांडव्याचे पाणी तिच्या अंगावरून अहोरात्र वाहत होते. काळीशार, चिकट, ओलीचिंब वाट. एका अंगाला जल, दुसऱ्या अंगाला रान, आणि मधून ती एकटीच चाललेली.

त्या वाटेवरून रोज सकाळी एक सायकल जाई. सायकलीवर विशाखा खोब्रागडे, पांगडीच्या उपकेंद्राची परिचारिका. पन्नाशी उलटलेली, सडसडीत, शुभ्रवसना. पाळीच्या अलीकडे पांगडी, तिथे तिची खोली. पाळीच्या पलीकडे खैरटोला, तिथे तिची माणसे: कुणाचे तापाने फणफणलेले कपाळ, कुणाचे भरत आलेले दिवस, कुणाची न भरणारी जखम.

कितीतरी नवजात डोळ्यांनी पहिला उजेड पाहिला तो तिच्या ओंजळीतून. कितीतरी माउलींनी वेदनेच्या शिखरावर तिचेच मनगट घट्ट धरले. वेदना ओसरली, की मनगट सुटे. मग पाळणे हलत, बारशी होत, आणि विशाखा आपल्या खोलीचे कुलूप उघडून आत जाई. कपाळाला हात लावून ‘दमलीस का’ असे विचारणारे त्या खोलीत कुणी नव्हते. कधीच नव्हते.

गाव म्हणे, नर्सबाई कोणाला भीत नाही. रानात वाघ होता. त्याच्या पावलांचे ठसे चिखलात उमटत आणि सकाळच्या उन्हात हळूहळू वाळत. तरी ही बाई एकटी जाते, एकटी येते.

खरे काय ते तिच्या पाठीला ठाऊक होते. पाळीवर आली की त्या पाठीला डोळे फुटत. पान सळसळले की मणक्यातून थंडगार ओहोळ वाहे. समोर सरळ पाहत, ओठ घट्ट मिटून, ती पाय मारत राही. सांगणार कुणाला? ज्यांना धीर द्यायचा, त्यांना का आपले भय सांगायचे?

आणि गेल्याच महिन्यात, श्रावणातल्या एका ओलसर सकाळी पाळीच्या तोंडाशी दुसरी सायकल उभी होती.

फुलवंता कुंभरेची. तीही पांगडीचीच, खैरटोल्याच्या शाळेत खिचडी शिजवण्याचे काम तिला नुकतेच लागले होते. विधवा, विशाखाच्याच वयाची, ठेंगणीठुसकी. सायकल तिने त्या कामासाठी उतारवयात शिकून घेतली होती. हँडल तिने असे धरले होते, जणू ते सुटले तर पाळच पाण्यात जाईल.

“बाईजी, तुमी पुढं चाला,” ती म्हणाली. “मी मागं मागं येतो.”

“मागं कशाला? बरोबरीनं चला की.”

“नाई जी. वाट बारीक हाय. तुमच्या चाकाच्या लकिरीवरून मले चालवाले बरं पडते.”

त्या दिवसापासून एका लकिरीवरून दोन सायकली जाऊ लागल्या. बोलणे फारसे नव्हतेच. पुढे विशाखा, मागे फुलवंता. पुढे मौन, मागे मौन. पण मागच्या मौनाला एक आवाज होता: कुरकुरणाऱ्या साखळीचा, धापावलेल्या श्वासाचा, हातातल्या बांगड्यांचा. किण् किण् किण्. तो आवाज विशाखाच्या पाठीवर उबदार शालीसारखा पसरला. पाठीचे डोळे एकेक करून मिटले. कितीतरी वर्षांनी तिने मान वळवून तलावाकडे पाहिले आणि तिला दिसले, की कमळे फुललेली आहेत.

तिने वेग कमी केला. फुलवंताला दम लागू नये म्हणून. आणि पाळ लवकर संपू नये म्हणूनही.

एके दिवशी खैरटोल्याच्या शाळेजवळच्या हातपंपावर ती पाणी प्यायला थांबली. पंपापाशी फुलवंता वाकून तोंड धूत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे ठिपके, केसांत ठिपके, लुगड्यावर पोटापर्यंत ओल्या चिखलाची नक्षी.

“हे काय? पडलात का?”

“नाई जी. चिखल हाय थो.”

“माझ्या चाकाचा?”

फुलवंता हसली. भिजलेला पदर पिळता पिळता म्हणाली, “तुमी पुढं हाव म्हून उडते. पुढं कोणी नसन, तं उडन कायले?”

“रोज उडतो?”

“उडते. धुतला का जाते.”

“थोडं अंतर ठेवून येत जा, बाई.”

“अंतर ठेवलं का भेव वाटते,” फुलवंता म्हणाली, आणि घागर कमरेवर घेऊन शाळेकडे गेली.

विशाखा सायकलीपाशी आली. मागचे मडगार्ड गंजून कधीचेच झडले होते; कॅरिअरखाली त्याचा वीतभर तुकडा तेवढा उरला होता. तिची साडी वाचवण्यापुरता. त्या तुकड्यापुढचा सारा चिखल चाक मागे भिरकावत होते. इतकी वर्षे भिरकावत होते, आणि इतक्या वर्षांत तिच्या ध्यानी आले नव्हते. येणार कसे? मागे होते कोण?

शनिवारच्या बाजारात ती रज्जाकभाईंच्या सायकलीच्या दुकानात गेली. त्यांनी एक आखूड, चकचकीत मडगार्ड काढून दाखवले.

“हे घ्या बाई. हलकं आहे, खडखडत नाही. तुमच्या अंगावर थेंब येणार नाही.”

“पूर्ण लांबीचं नाही का? चाकाला मागून खालपर्यंत येणारं?”

“आहे ना. पण तुम्ही तर एकट्याच जाता. पुरं मडगार्ड मागच्यासाठी असतं.”

विशाखाने आखूड मडगार्ड बाजूला सरकवले. मग जे शब्द आयुष्यात कधी उच्चारायला मिळाले नव्हते, ते हळूच, चव घेत उच्चारले.

“माझ्या मागं कुणीतरी असतं.”

रविवारच्या दुपारी अंगणात ऊन सांडले होते. कोवळे, केशरकांती, शरदाच्या उंबरठ्यावरचे ऊन. त्या उन्हात तिने सायकल स्टँडवर लावली, पाना घेतला, मागच्या चाकाचे नट सैल केले. नट हटून बसले होते. तिने तेल सोडले आणि वाट पाहिली. वाट पाहणे तिच्या हातांना येत होते. मग पुन्हा जोर लावला. चाक निघाले. झडलेल्या मडगार्डचा तो तांबूस तुकडा तिच्या तळहातावर खपलीसारखा सुटून आला.

नवे मडगार्ड काळे होते, तुळतुळीत, चंद्रकोरीसारखे बाकदार. ते तिने चौकटीत सरकवले, वरचा बोल्ट बसवला, चाक पुन्हा जागेवर घातले आणि दोन्ही बाजूंच्या काड्या चाकाच्या नटाखाली अडकवल्या. चाक फिरवले. घर्र, घर्र. कुठेतरी घासत होते. तिने काडी सैल केली, मडगार्ड केसभर उचलले. पुन्हा फिरवले. आता डावीकडे घासले. पुन्हा सैल, पुन्हा सरळ, पुन्हा घट्ट. नाळ बांधणारी ती बोटे, टाके घालणारी ती बोटे, आज लोखंडाशी तशाच हळुवारपणे बोलत होती.

शेवटी चाक फिरले ते निःशब्द. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर अवकाश. त्या अवकाशातून नुसता वारा वाहत होता. मडगार्डच्या टोकाला तिने रबरी पट्टा जोडला, जमिनीपासून चार बोटांवर.

मग तिने बादलीभर पाणी आणले. एका हाताने पायडल गरगरा फिरवले, दुसऱ्या हाताने चाकावर तांब्या रिता केला, आणि झटकन मागे जाऊन, जिथे फुलवंताचा चेहरा यायचा, तिथे आपला चेहरा धरून ती उभी राहिली. डोळे मिटून.

एक थेंब आला नाही.

डोळे उघडले, तर समोर तिची सायकल होती. रिकामे सीट, रिकामे हँडल. मागून आपण अशा दिसतो, तिला वाटले. फुलवंता रोज हे पाहते. कुणाच्या तरी नजरेत आपली पाठ रोज असते. ऊन कलले तरी ती तिथेच उभी होती, ओल्या हातांनी, ओल्या डोळ्यांनी.

सोमवारी ती लवकर निघाली. पाळीच्या तोंडाशी थांबली. धुके उतरले, धुके विरले. बगळे आले, बगळे गेले. फुलवंता आली नाही.

मंगळवारीही आली नाही. संध्याकाळी विशाखा तिच्या घरी गेली. दाराला कुलूप. शेजारची कौसाबाई ओसरीवर धान पाखडत होती.

“पोरगा आला होता जी तिचा, पुण्यावरून,” कौसाबाई म्हणाली. “त्याले पोरगी झाली. सांभाळाले कोणी नाई, म्हून मायले घेऊन गेला, रविवारच्या दुपारच्या गाडीनं. तुमच्या घराकडं जातो म्हणे, पण पोट्ट्यानं घाई केली.”

“परत कधी येणार?”

“आता कायची येते जी. नातीत रमन.”

सुपातले दाणे वर उडत होते, खाली येत होते. भूस तेवढे वाऱ्यावर निघून जात होते.

“हां, एक सांगाले लावलं होतं तिनं,” कौसाबाईने सूप थांबवले. “म्हणे, बाईजीच्या मागं चालून माहं भेव मोडलं. बाईजी कोनाले भेत नाई, म्हून मी बी नाई भेलो.”

विशाखाने खांब धरला.

“मी भीत होते हो,” ती म्हणाली. आवाज इतका लहान, की कौसाबाईला पुढे वाकावे लागले. “रोज भीत होते. ती मागं आली, तेव्हापासून नाही भ्याले. तिला सांगाल का? कधी फोन आला, तर?”

कौसाबाईने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, “सांगतो जी.”

दुसऱ्या दिवशी खैरटोल्याच्या एका लेकुरवाळीला ताप चढला होता. विशाखा निघाली. पाळीवर आली. पाठीचे डोळे हळूहळू उघडले, रान सळसळले, मणक्यातला तो जुना ओहोळ पुन्हा वाहू लागला. तिने पाय जोरात मारले नाहीत. मागून कुणीतरी नवशिकी येत असावी, तिला दम लागू नये, तशी ती सावकाश, अगदी सावकाश चालवत राहिली.

चाक पाण्यातून जात होते. चिखल वर चढत होता, मडगार्डच्या काळ्या कमानीत निमूट वळत होता, पट्ट्याच्या टोकाशी येऊन थेंब होत होता. आणि तो थेंब कुणाच्याही चेहऱ्यावर न उडता, कुणाच्याही पदरावर न पडता, तिच्या मागच्या मोकळ्या वाटेवर उतरत होता, थेंबामागून थेंब, थेंबामागून थेंब, खाली, हळू, एकटा.