पंतप्रधान आणि लोक यांच्या मधली काच

मी काच बोलतेय. लंडनच्या संसदेत, प्रेक्षकांची गॅलरी आणि खालचं सभागृह यांच्या मध्ये मला उभं केलंय. मला माझाच राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

मी मूळची वाळू. भट्टीत वितळले, जाडजूड झाले. वाटलं, आता कुणाच्या तरी घराची खिडकी होईन, माझ्यातून कुणी समुद्र बघेल. तर मला इथे आणलं. का, तर वरून कुणी खाली काही फेकू नये म्हणून. माणसांना माणसांची एवढी भीती.

दर बुधवारी दुपारी पंतप्रधान उभे राहतात आणि खासदार त्यांना जाब विचारतात. निदान म्हणतात तरी तसं. मला दिसतो तो आरडाओरडा, हसणं आणि कागद फडकवणं.

त्या बुधवारी दूरच्या समुद्रकाठावरच्या कॉर्नवॉलहून पिरन आला होता. कोळ्याचा पोर, विशीतला. सोबत मोरवेना मावशी. पिरनचा थोरला भाऊ डेन्झिल बंदराच्या शिडीवरून पडला आणि रुग्णवाहिकेची वाट बघत ओल्या दगडांवरच गेला. आत खाटा रिकाम्या नाहीत म्हणून रुग्णवाहिका हॉस्पिटलच्या दारात रांगेत अडकल्या होत्या.

"टाय सरळ कर," मावशी म्हणाली.

"डेन्झिलचा आहे. त्यालाही कधी सरळ बसला नाही."

त्यांच्या खासदार हॉकिनबाई प्रश्न विचारायची संधी मिळावी म्हणून कित्येक आठवडे उठून उभ्या राहत होत्या. त्या दिवशी सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी सरळ विचारलं, "डेन्झिलच्या मृत्यूची चौकशी करणार का? हो की नाही?"

पंतप्रधानांनी मान खाली घातली. कुटुंबाच्या दुःखात आपण सहभागी आहोत म्हणाले. मग मान वर आली. आधीच्या सरकारने हॉस्पिटलांची कशी वाट लावली ते सांगितलं, समोरच्या विरोधी पुढाऱ्याच्या सुट्टीवर एक विनोद केला. त्यांची माणसं खदखदून हसली. हॉकिनबाईंना पुन्हा विचारता येईना, त्यांच्या वाट्याला एकच प्रश्न. पुढच्या खासदाराने आपल्या गावच्या चीजला बक्षीस मिळाल्याचं सांगितलं. पंतप्रधानांनी चीजचं अभिनंदन केलं.

पिरन उठला आणि दोन्ही तळवे माझ्यावर आपटले. "हो की नाही ते सांग ना. माझा भाऊ मेलाय."

ते शब्द मी अडवले. मीच. खाली एकानेही मान वर केली नाही.

काळ्या कोटातल्या रखवालदाराने त्याचा दंड धरला. "चल बाळा, बाहेर. ओरडून उपयोग नाही, खाली ऐकू जात नाही."

"मग त्यांचं हसणं मला कसं ऐकू येतं?"

"इथे स्पीकर लावलेत ना."

"म्हणजे आम्ही नुसतं ऐकायचं?"

रखवालदाराने त्याला दाराकडे वळवलं. मावशी म्हणाली, "दंड सोडा त्याचा. चालता येतं त्याला."

दुसऱ्या दिवशी सफाईवालीने त्याच्या तळव्यांचे ठसे पुसून टाकले. आता मी परत चकचकीत. येणारे म्हणतात, इथून किती छान दिसतं. दिसतं हो. दिसून काय होतं?

मला उतरवा. वितळवा, बाटल्या करा, काय वाटेल ते करा. पिरनला परत बोलवा, मध्ये मी नसताना त्याला विचारू द्या. आणि उत्तर दिल्याशिवाय त्या माणसाला खाली बसू देऊ नका.