माझा लाल कप्पा

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हळहळत बसायला नको. मी एक लाकडी पेटी आहे. मला तीन कप्पे आहेत, तिन्हींना पुढून काच आहे आणि वर चिठ्ठी सरकवायला तीन फटी आहेत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांचं दरवर्षी दोन दिवसांचं संमेलन भरत असे. तिथल्या मोठ्या सभागृहाच्या दाराशी मी अकरा वर्षं काढली.

मला एका सुताराने घडवलं. त्याची मुलगी या संमेलनाची कर्तीधर्ती. सगळे तिला ताई म्हणत. पहिल्या वर्षी तिने प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांना बारा प्रश्नांचा कागद वाटला. दोनशे कागदांपैकी नऊ परत आले, आणि त्यातल्या एकावर वक्त्याचं नाकच तेवढं काढलेलं होतं. ताई तोंड पाडून घरी आली. तेव्हा बाबा म्हणाले, "जेवण आवडलं नाही तर माणूस ताट सरकवतो. बारा उत्तरं देत बसत नाही."

मग कपाट करून उरलेल्या एका फळीतून त्यांनी मला केलं. भाषणाचा उपयोग झाला तर हिरवी चिठ्ठी, थोडाफार झाला तर पिवळी, नाही झाला तर लाल. चिठ्ठीच्या मागे 'का?' एवढंच छापलेलं आणि खाली दोन ओळींची जागा. काच कशाला, असं ताईने विचारलं होतं. आत काय पडलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणीतरी आतल्या आत ढवळाढवळ करील, असं बाबांचं म्हणणं पडलं.

माझे कामाचे दिवस झकास गेले. दर भाषणानंतर मला रिकामं करत आणि चिठ्ठ्या वक्त्याच्या हातात देत. 'पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी होती.' 'तुम्ही पाठ करून आलात आणि आम्हाला पाठ दाखवून बोललात.' 'आमच्या ऑफिसात तीन आठवडे अडलेलं काम आज सुटलं.' असं काय काय लोक लिहीत. मोठमोठे वक्ते चहाचा कप हातात धरून माझ्या काचेत चोरून डोकावत. माझी वाहवा व्हायची, फोटो निघायचे.

सातव्या वर्षी मात्र माझी परीक्षा झाली. त्या वर्षीचं सभागृह एका बड्या कंपनीने मिळवून दिलं होतं, आणि त्या कंपनीचे साहेब बोलायला उभे राहिले. गर्दीतही बंद पडणार नाही असा प्रोग्रॅम कसा लिहावा, हा विषय. चाळीस मिनिटांपैकी पस्तीस मिनिटं त्यांनी कंपनीचे गोडवे गायले. लोक बाहेर पडले आणि लाल फटीपुढे रांग लागली. कप्पा गच्च भरला. शेवटच्या चिठ्ठ्या तर फटीतच उभ्या राहिल्या.

सभागृहाचा व्यवस्थापक घाईघाईने ताईजवळ आला. साहेब चहा संपवून एवढ्यात येतील, मूठभर लाल चिठ्ठ्या काढून पिशवीत टाका, कोणाला कळतंय, असं तो हळूच म्हणाला. ताईचा हात माझ्या कडीवर आला. खोटं कशाला सांगू, कडी अर्धी सरकलीसुद्धा होती. पुढच्या वर्षी सभागृह मिळालं नाही तर सारं संमेलनच बसणार, हे तिला दिसत होतं.

बाबा दरवर्षी माझ्याशेजारी स्टूल टाकून बसत. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, लाल काढणार असशील तर हिरव्याही काढ. मग मी ही पेटी घरी नेतो. स्क्रू ठेवायला होईल."

ताईने हात मागे घेतला. साहेबांना मीच दाखवते, असं तिने व्यवस्थापकाला सांगितलं.

साहेब आले. त्यांनी काचेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाबांनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. साहेब बसले आणि शंभराच्या वर चिठ्ठ्या एकेक करून वाचत गेले. ताई उभीच होती.

"सहा वर्षं मी हेच भाषण करतोय," साहेब शेवटी म्हणाले. "सगळे म्हणतात, छान झालं."

त्यांनी एकच चिठ्ठी खिशात घातली. तिच्यावर लिहिलं होतं, 'तुमचा प्रोग्रॅम कधी बंद पडला होता का? ते सांगा ना.'

पुढच्या वर्षी कंपनी आली नाही. सभागृह गेलं, संमेलन एका शाळेच्या बाकांवर भरलं. ही पेटी पांढऱ्या पायाची, असं काहीजण बोलले. मला तर पायच नाहीत! साहेब मात्र स्वतःहून आले. त्यांच्या एका चुकीने त्यांचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या सगळ्या दुकानांची यंत्रं चार तास कशी ठप्प झाली, ते त्यांनी सांगितलं. बोलताना ते दोनदा अडखळले. त्यांना पिवळ्या चिठ्ठ्या जास्त पडल्या. काचेपुढे उभे राहून ते ताईला म्हणाले, "या खऱ्या आहेत. चालतील."

नंतर बाबा गेले. फोनवर भाषणाला पाचपैकी चांदण्या द्यायची सोय आली, आणि मी अडगळीच्या खोलीत आले. माझ्या हिरव्या कप्प्यात वायरींची भेंडोळी आहेत, पिवळ्यात किल्ल्या आणि लालमध्ये एक फुटका माइक. ऐकते की आता प्रत्येक भाषणाला साडेचार चांदण्या मिळतात. लाल रंगाने माणसं दुखावतात म्हणे. दुखावतात, हे मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे. त्यानंतर तीच माणसं काय करतात, तेही पाहिलं आहे.

मित्रांनो, माझी कीव करू नका. उद्या तुमच्यापुढे कोणी धडधडत्या छातीने बोलायला उभं राहिलं, तर 'छान' म्हणून पळ काढू नका. काय उपयोगी पडलं ते सांगा, काय पडलं नाही तेही सांगा, आणि का ते दोन ओळींत लिहा. हीच त्या माणसाची खरी काळजी. मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं नुसती म्हणतात. मी तर फळीच आहे. वाळवी लागली तर भुगा होईन, पण लाल चिठ्ठीला हिरवी म्हणणार नाही.